घरातला प्रत्येक फोटो हललेला येतोय? आधी शटर स्पीडचा आकडा बघा

यंदाच्या गणपतीत परत तेच झालं. पुतणीने कपाटातला जुना छोटा डिजिटल कॅमेरा काढला, तिच्या वयाच्या मुलामुलींना हे खिशात मावणारे कॅमेरे हल्ली परत आवडायला लागलेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, तर तिने आरतीचे, गौरीच्या जेवणाचे, पत्ते खेळतानाचे मिळून शंभरेक फोटो काढले आणि रात्री सगळे जेवून बसल्यावर लॅपटॉपवर लावले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एकदम छान दिसणारे फोटो लॅपटॉपवर मोठे झाले आणि निम्म्याहून जास्त हललेले निघाले. माझी आई, म्हणजे तिची आजी, ८४ वर्षांची, आरतीला उभी राहिलेली, आणि तिचा चेहरा म्हणजे नुसता पुसट डाग. पुतणी म्हणाली, काका, कॅमेरा बिघडलाय, फेकून द्यायला पाहिजे.

कॅमेरा बिघडलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कॅमेऱ्याने अंगणात काढलेले फोटो कसे काचेसारखे स्वच्छ होते. हीच मोठी खूण आहे बरं का: बाहेर उजेडात फोटो चांगले आणि घरात आले की खराब, म्हणजे कॅमेऱ्याचा दोष जवळजवळ नसतोच, सेटिंगचा असतो. मला हा प्रश्न नात्यातले, शेजारचे, ऑफिसातले इतक्या लोकांनी इतक्या वेळा विचारलाय की आता एकदा सगळं सविस्तर लिहूनच टाकतो. आमचं घर चिपळूणजवळ, माजघरात एक ट्यूबलाइट आणि मखराची लायटिंग एवढाच उजेड, त्यामुळे उदाहरणं सगळी तिथलीच येतील, पण मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमधलं बारसं असो की हॉलमधला साखरपुडा, गणित तेच.

आधी एक गोष्ट. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. अशा बऱ्याच जुन्या छोट्या कॅमेऱ्यांवर २.७ इंची, २ लाख ३० हजार डॉटची स्क्रीन असे, आणि डॉट म्हणजे लाल-हिरवा-निळा वेगवेगळा मोजलेला, म्हणजे प्रत्यक्षात ३२० बाय २४० पिक्सेल. ४००० बाय ३००० चा फोटो एवढ्याशा जागेत दाबून दाखवला की हललेलं काही कळतच नाही. फोटो काढला की प्ले बटण दाबायचं आणि झूमचा दांडा फिरवून चेहरा मोठा करून बघायचा, डोळ्याच्या पापण्या दिसल्या तर ठीक, नाहीतर लगेच परत काढायचा. दहा सेकंदांचं काम आहे पण आरती संपल्यावर ते करता येत नाही.

आता "हललेला" या शब्दाबद्दल. लोक सगळ्याला हललेला म्हणतात आणि तिथेच घोळ होतो, कारण फोटो अस्पष्ट येण्याची तीन-चार वेगळी कारणं आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. फोटो मोठा करून नीट बघा. फोटोतलं सगळंच्या सगळं, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा, एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतंय, दिव्याच्या ठिपक्याची छोटी रेघ झालीय, तर तुमचा हात हललाय. कॅलेंडरवरची तारीख स्वच्छ वाचता येतेय पण टाळ्या वाजवणारे हात आणि माणसांचे चेहरे पुसट आहेत, तर माणसं हलली आहेत. पुढची समई मऊ-मऊ आणि मागची भिंत एकदम धारदार, तर फोकस चुकलाय. आणि सगळ्या फोटोवर दुधट पडदा, दिव्यांभोवती मोठी वलयं, तर लेन्सवर बोटाचा तेलकट डाग आहे. मोदक खाऊन कॅमेरा हातात घेतला की हे व्हायचंच. मऊ सुती कापडाने किंवा चष्म्याच्या फडक्याने हलकेच पुसा, आधी रबरी फुंकणीने धूळ उडवून, आणि बघा. पुतणीच्या फोटोंमध्ये चारही प्रकार सापडले, पण बहुतेक पहिले दोन.

पहिल्या दोघांचं मूळ एकच, शटर स्पीड. फोटो काढताना शटर जितका वेळ उघडं राहतं तेवढ्या वेळात जे जे हलतं ते पुसट होतं, मग तो तुमचा हात असो की समोरचं लेकरू. १/५०० म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, १/८ म्हणजे आठवा भाग. हा आकडा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. कॅमेऱ्यात फोटो बघताना डिस्प बटण एक-दोनदा दाबलं की बहुतेक कॅमेऱ्यांत दिसतो, विंडोज असेल तर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथे एक्स्पोजर टाइम. पुतणीला मी हेच करायला बसवलं. अंगणातल्या फोटोंवर १/४००, १/६४० असे आकडे. माजघरातल्या फोटोंवर १/८, १/६, एकावर तर चक्क १/४. ती पाच मिनिटं एकेक फाइल उघडून बघत राहिली आणि तिचं तिलाच कळलं, मला फार काही बोलावं लागलं नाही.

पण उजेड तर होता ना, असं सगळे विचारतात. होता, डोळ्यांना. आपल्या डोळ्यांना घरातला उजेड आणि उन्हातला उजेड यातला फरक कधी जाणवतच नाही कारण डोळे आपोआप जुळवून घेतात. मोजायला गेलं तर भर उन्हाच्या मानाने रात्रीच्या माजघरातला उजेड साधारण पाचशे पट कमी असतो. पाच पट नाही, पाचशे. त्यात या छोट्या कॅमेऱ्याचा उजेड टिपणारा सेन्सर साधारण ६ मिलिमीटर बाय साडेचार मिलिमीटर, तुरीच्या दाण्याएवढा म्हणा, लग्नातला फोटोग्राफर जो मोठा फुल-फ्रेम कॅमेरा वापरतो त्याचा सेन्सर ३६ बाय २४, म्हणजे क्षेत्रफळात तीसपट मोठा. तेव्हा आपल्या बिचाऱ्या छोट्या कॅमेऱ्याला उजेड गोळा करायला वेळ लागतो, तो शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि आपण त्या वेळात हलतो.

मग करायचं काय? शटरचा वेळ कमी करायचा तर तीनच गोष्टी हातात आहेत: उजेड वाढवा, आयएसओ (म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) वाढवा, किंवा झूम कमी करा. यातली झूमची गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते म्हणून तीच आधी सांगतो.

या कॅमेऱ्यांच्या लेन्सवर पुढे बारीक अक्षरात काहीतरी १:२.८-५.९ असं लिहिलेलं असतं, आकडे मॉडेलप्रमाणे थोडे वेगळे. त्याचा अर्थ झूम न करता लेन्सचं छिद्र एफ/२.८ इतकं उघडतं, आणि पूर्ण झूम केलं की जास्तीत जास्त एफ/५.९; हा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान. ऐकायला दुपटीचा फरक वाटतो पण उजेडाच्या हिशेबात हा चौपटीचा फरक आहे. म्हणजे न झूम करता कॅमेरा १/६० वर फोटो काढत असेल तर त्याच जागी पूर्ण झूम केल्यावर तो १/१५ वर येतो. आणि दुसरीकडे झूम केलं की हाताचा थरथराट पण मोठा होऊन दिसतो, जुना ठोकताळा असा की झूम जितक्या मिलिमीटरचं (३५ मिलिमीटर फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबात) सेकंदाच्या तितक्याव्या भागापेक्षा शटर हळू नको, म्हणजे २८ मिलिमीटरला १/३० चालेल पण १४० मिलिमीटरला १/१२५ तरी पाहिजे. म्हणजे झूम करून तुम्ही दोन्हीकडून मार खाता, पाहिजे १/१२५ आणि मिळतंय १/१५. आमच्या घरात मुलं पडवीच्या दारातून झूम करून मखराचा फोटो काढतात, मधे माणसं नकोत म्हणून, आणि तो कध्धीच चांगला येत नाही. दोन पावलं पुढे जा, झूम पूर्ण मागे घ्या, बाकी काहीही न बदलता निम्मा प्रश्न सुटतो. डिजिटल झूम तर मेन्यूत जाऊन बंदच करून टाका, ते फक्त फोटोचा मधला तुकडा कापून ताणतं.

आता आयएसओ. आयएसओ दुप्पट केला की शटरचा वेळ निम्मा. माजघरात आयएसओ १०० ला १/८ येत असेल तर २०० ला १/१५, ४०० ला १/३०, ८०० ला १/६०. एवढं सरळ आहे. १/६० ला शांत उभ्या माणसाचा फोटो चांगला येतो, हात थोडा स्थिर ठेवला तर. पंचारती ओवाळताना आणि टाळ्या वाजवतानाचे हात स्वच्छ हवे असतील तर १/१२५ लागेल, म्हणजे १६००, आणि पळापळी करणाऱ्या पोरांना १/२५० सुद्धा कमी पडतं, त्यांचे फोटो दिवसा काढा, अंगणात काढा, रात्री त्यांच्या मागे लागू नका.

इथे लोकांची नेहमीची तक्रार येते: आमच्या कॅमेऱ्याच्या मेन्यूत आयएसओ दिसतच नाही, किंवा दिसतो पण करडा झालाय, दाबला जात नाही. याचं कारण कॅमेरा पूर्ण ऑटोवर आहे. पूर्ण ऑटो, ईझी मोड, स्मार्ट ऑटो, नाव काहीही असो, त्यात कॅमेरा सगळं स्वतः ठरवतो आणि तुम्हाला हात लावू देत नाही, आणि जुने बरेच कॅमेरे ऑटोत आयएसओ ४०० च्या पुढे न्यायला तयार नसतात, फोटोत दाणे दिसतील म्हणून. म्हणजे त्यांनी दाणे टाळले आणि तुमचा फोटो हलवला. डायल असेल तर पी वर फिरवा, डायल नसेल तर मोडच्या यादीत प्रोग्रॅम किंवा प्रोग्रॅम ऑटो असं असतं ते निवडा. पी मध्ये शटर आणि छिद्र अजूनही कॅमेराच ठरवतो, घाबरायचं काही नाही, फक्त आयएसओ, व्हाइट बॅलन्स, फोकस, उजेडाचा प्लस-मायनस एवढं तुमच्या हातात येतं. कॅननच्या बऱ्याच मॉडेलमध्ये मधलं फंक-सेट बटण दाबलं की डाव्या बाजूला उभी पट्टी येते त्यात आयएसओ असतो, निकॉनच्या छोट्या कॅमेऱ्यांत मेन्यू बटणातून जावं लागतं. एकदा सापडला की मग दर वेळी दोन बटणांचं काम. काही छोट्या निकॉनमध्ये पी असं अक्षर नसून हिरव्या कॅमेऱ्याच्या चित्राचा साधा ऑटो असतो आणि त्यातच हे सगळं बदलता येतं, तेव्हा आधी मेन्यू उघडून बघा काय काय हलतंय.

दाण्यांची भीती सोडा, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. आयएसओ ८०० ला या कॅमेऱ्यांत दाणे येतात, १६०० ला जरा जास्तच येतात, रंगही थोडे फिके पडतात, मान्य. पण चार बाय सहा इंचाची प्रिंट काढायला साधारण २० लाख पिक्सेल पुरतात आणि तुमच्या फोटोत असतात १ कोटी २० लाख, तेव्हा प्रिंटमध्ये किंवा मोबाइलवर पाठवल्यावर ते दाणे बरेचसे विरघळून जातात. हललेला फोटो मात्र कितीही लहान केला तरी चेहरा परत येत नाही. माझ्या वडिलांचा शेवटच्या वर्षीचा आरतीचा एक फोटो आहे माझ्याकडे, १६०० ला काढलेला, दाणे इतके की भिंत वाळूसारखी दिसते, पण त्यांचे डोळे स्पष्ट आहेत. तो आमच्या हॉलमध्ये लावलाय आणि आजपर्यंत एकाही माणसाने दाणे दिसतात म्हटलेलं नाही.

काही कॅमेऱ्यांत लो लाइट नावाचा सीन मोड असतो, तो आयएसओ भरपूर वाढवतो आणि फोटोचा आकार आपोआप लहान करतो, मेन्यूत शिरायचा कंटाळा असेल तर तो वापरा, वाईट नाही. पण चंद्र आणि माणूस असं चित्र असलेला नाइट पोर्ट्रेट मोड आरतीला चुकूनही लावू नका. रात्र आहे म्हणून हाच लावायचा असं सगळ्यांना वाटतं, पुतणीनेही अर्धे फोटो त्यावरच काढले होते. हा मोड फ्लॅश मारतो आणि त्यानंतर मागचा उजेड यावा म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवतो, स्टँडवर कॅमेरा ठेवून, समोरच्याला हलू नका सांगून वापरायचा मोड आहे तो. हातात धरून वापरला की माणसाभोवती त्याचं भूत उमटतं, १/४ वाला फोटो याचाच होता.

आता फ्लॅश. लोक म्हणतात मग सरळ फ्लॅश लावा की. लावा, पण किती लांबून? या कॅमेऱ्यांचा एवढासा फ्लॅश, झूम न करता तीन-साडेतीन मीटर, झूम केल्यावर जेमतेम दोन मीटर पोचतो, आणि अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, त्यामुळे गर्दीच्या मागून फ्लॅश मारला की पुढच्या काकांचं डोकं पांढरंफटक आणि मखर काळोखात. जवळून मात्र फ्लॅश उत्तम, कारण त्याचा झगमगाट इतका क्षणिक असतो की टाळ्यांचे हातही जागच्या जागी थांबतात. समईच्या उजेडाची मजा जाते, तो ज्याचा त्याचा निर्णय. एक सांगतो, आरतीत धूप-कापूर चालू असताना फ्लॅश मारला की फोटोभर पांढरे गोल ठिपके उमटतात, आमच्या शेजारच्या आजी ते बघून हात जोडायच्या, पण ते लेन्सच्या अगदी जवळून जाणारे धुराचे आणि धुळीचे कण असतात, फ्लॅश लेन्सला चिकटून असतो ना, त्यामुळे त्यांच्यावर उजेड पडून थेट परत येतो. फ्लॅश बंद केला की ठिपके गायब. देव्हाऱ्याला किंवा फोटोच्या फ्रेमला काच असेल तर समोरून मारू नका, थोडं तिरकं उभं राहा.

हात. कॅमेरा दोन हातांनी धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, खांबाला किंवा दाराच्या चौकटीला टेकून उभे राहा, श्वास सोडताना बटण दाबा, आणि बटण ठोकू नका, हळू दाबा. बटण दाबण्याच्या धक्क्यानेच कॅमेरा खाली झुकतो, हे कित्येकांच्या लक्षात येत नाही. लागोपाठ तीन फोटो काढले तर मधला बहुतेक वेळा जास्त स्थिर निघतो, कारण पहिल्याला दाबण्याचा आणि शेवटच्याला सोडण्याचा धक्का लागतो, म्हणून बर्स्ट लावून ठेवायला हरकत नाही. आणखी एक जुनी युक्ती, खर्च दहा-वीस रुपये: कॅमेऱ्याच्या बुडाला स्टँड लावायचं जे भोक असतं ते पाव इंची आट्याचं असतं, हार्डवेअरच्या दुकानातून पाव इंची, आखूड बोल्ट आणा, कॅमेरा बरोबर घेऊन जा म्हणजे आटे जुळतात का तिथेच बघता येईल, हाताने हलकेच फिरवा, जोर लावू नका, त्याला माणसाच्या उंचीची सुतळी बांधा, दुसरं टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून सुतळी ताठ ठेवा. वरखाली हलणं जवळजवळ थांबतं. गर्दीत स्टँड उभा करता येत नाही तिथे हे फार कामाचं आहे, मी वर्षानुवर्षं वापरतोय.

आमच्या कॅमेऱ्यात तर स्टॅबिलायझर आहे, मग का हलतं, हाही नेहमीचा प्रश्न. लेन्समधला स्टॅबिलायझर, कुठे आयएस म्हणतात, कुठे व्हीआर, कुठे स्टेडीशॉट, तो तुमच्या हाताचा थरथराट सावरतो, समोरच्या माणसाचं हलणं नाही. त्यामुळे १/१५ ला कॅलेंडर स्वच्छ आणि आई पुसट असा फोटो येतो आणि माणूस चक्रावतो. स्टॅबिलायझर चालू ठेवाच, पण त्याच्या भरवशावर शटर हळू ठेवू नका.

फोकसचं थोडक्यात. बटण अर्धं दाबा, थांबा, चौकट हिरवी होऊन पीप वाजलं की मग पूर्ण दाबा. चौकट पिवळी किंवा लाल झाली, दिवा लुकलुकला, म्हणजे फोकस जमलेला नाही, तरी कॅमेरा फोटो काढतो आणि तो वाया जातो. हे कॅमेरे फोकस करताना कडा शोधतात, काळं-पांढरं जिथे भेटतं अशी जागा, सपाट भिंतीवर किंवा काळ्या कोटावर त्यांना काही सापडत नाही. म्हणून आईच्या साडीच्या काठावर, जरीवर चौकट आणा, बटण अर्धं दाबून धरा, आणि तसंच धरून कॅमेरा हवा तिथे वळवून मग पूर्ण दाबा, अंतर तेवढंच राहील एवढं बघा. फोकसला मदत करणारा छोटा नारिंगी दिवा बऱ्याच कॅमेऱ्यांत असतो, तो मेन्यूत चालू ठेवा आणि त्याच्यावर डाव्या हाताचं बोट येत नाही ना बघा, पुतणीचं येत होतं. आणि गौरी असतील तर एक गंमत होते, फेस डिटेक्टची चौकट गौरीच्या मुखवट्यावर जाऊन बसते आणि पुढे बसलेल्या सवाशिणी मऊ येतात. तेव्हा फेस डिटेक्ट बंद करून मधली एकच चौकट ठेवा.

आता या सगळ्याचा खरा त्रास, म्हणजे हा प्रॉब्लेम एकदा सोडवला तरी परत का येतो. कॅमेरा बंद केल्यावर कुठलं सेटिंग लक्षात ठेवायचं आणि कुठलं विसरायचं हे प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं. आमच्याकडे दिवाळीत रांगोळीचे जवळून फोटो काढायला मॅक्रो लावला, ते फुलाचं चित्र असतं ना ते, तो तसाच राहिला आणि पुढच्या हळदीकुंकवाला सगळे फोटो फोकस गेलेले, कारण काही कॅमेऱ्यांत मॅक्रो चालू असला की अर्ध्या मीटरच्या पलीकडे फोकस होतच नाही. तसंच उजेडाचं प्लस-मायनस. मागे पांढरं मखर किंवा पांढरा पडदा असला की कॅमेऱ्याला वाटतं उजेड खूप आहे आणि तो माणसं काळी करतो, म्हणून मी प्लस १ लावतो, पण ते लावलं की शटरचा वेळ दुप्पट होतो हे विसरायचं नाही, आणि कार्यक्रम झाल्यावर शून्यावर आणायचं. उलट, मागे काळोख आणि समोर मूर्तीवर फोकसलाइट असेल तर मूर्ती पांढरी होते, तिथे मायनस १ लावा, मूर्तीवरची नक्षी पण दिसते आणि शटरही दुप्पट वेगाने पडतं, फुकटचा फायदा. पिशवीत ठेवताना डायल आपोआप फिरतो हाही एक नेहमीचा चोर. म्हणून मी कॅमेऱ्याच्या पिशवीतच एक कागद ठेवलाय: पी, आयएसओ ८००, मॅक्रो बंद, प्लस-मायनस शून्य, फ्लॅश बंद, टायमर बंद, झूम मागे. कार्यक्रमाआधी कागद काढायचा आणि एकेक बघायचं, एक मिनिट लागतं. बॅटरी काढून महिनोन्महिने ठेवला असेल तर तारीखही पुसलेली असते, तीही लावून घ्या, नाहीतर वीस वर्षांनी कुठल्या गणपतीचा फोटो हे कुणालाच कळणार नाही.

रंग पिवळट येत असतील तर तो हललेल्याचा भाग नाही, पी मध्ये व्हाइट बॅलन्स बल्बच्या चित्रावर ठेवा, ट्यूबलाइट असेल तर ट्यूबच्या, आणि दिवसा परत ऑटोवर आणा. ट्यूब किंवा स्वस्त एलईडीच्या उजेडात एक फोटो उजळ, पुढचा काळपट, किंवा आडवे पट्टे असं होत असेल तर तेही कॅमेऱ्याचं दुखणं नाही, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात आणि वेगवान शटर त्यातला एखादाच तुकडा पकडतं. शटर १/१०० किंवा १/५० च्या आसपास आलं की हे कमी होतं, नाहीतर चार-पाच फोटो काढून चांगला ठेवा. मोबाइलवर हे होत नाही असं काही जण म्हणतील, मोबाइल बरेच फोटो झटपट घेऊन एकत्र करतो, जुना छोटा कॅमेरा एकच घेतो.

यंदा विसर्जनाच्या आदल्या रात्री आरतीला पुतणीने कॅमेरा परत घेतला. पी, ८००, झूम पूर्ण मागे, देव्हाऱ्याच्या खांबाला टेकून, आणि मी तिच्या वहिनीला सांगून ओटीवरचा जास्तीचा दिवा आत आणून लावला, उजेड वाढवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि तोच कुणाला सुचत नाही. चाळीस फोटोंतले तीसेक चांगले आले. आकडे बघितले तर १/६०, काही १/८०. आई ताम्हण धरून उभी आहे, हात किंचित पुसट, चेहरा स्वच्छ, नाकातली नथ सुद्धा दिसतेय.

हे सगळं करूनही फोटो अस्पष्ट येत असतील तर एकदा ही परीक्षा घ्या. दिवसा खिडकीजवळच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं पूर्ण पान चिकटवा, कॅमेरा समोर टेबलावर पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा, पान बरोबर समोर सरळ येईल असा, मीटर-दीड मीटरवर, स्टॅबिलायझर बंद, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर लावून बटण दाबा आणि हात काढून घ्या. तीन-चार फोटो काढा, थोडं झूम करूनही काढा. अक्षरं चारही कोपऱ्यांत बऱ्यापैकी सारखी वाचता येत असतील तर कॅमेरा ठणठणीत आहे, परत वर जाऊन शटरचा आकडा बघा. एकच बाजू दर वेळी पुसट येत असेल तर लेन्स कधीतरी पडून तिरकी झालीय. आणि पूर्ण पानावर धुकं असेल, लेन्स पुसूनही जात नसेल, तर टॉर्च तिरका मारून लेन्सच्या आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर कपाटात बंद ठेवलेल्या कॅमेऱ्यांना हमखास होते. मग मात्र दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा, आणि तो परत आला की कपाटात न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचा, पुड्या ओलावल्या की बदलायच्या.